अभ्यंगस्नान घरच्या घरी: तेलाच्या वाटीपासून पंचापर्यंतचा नेमका क्रम

अभ्यंगस्नान बिघडते ते बहुधा घाईमुळे. अंगाला तेल फासले न फासले तोच डोक्यावर पाण्याचा तांब्या ओतला जातो, तेल निघत नाही म्हणून साबण दोनदा लावला जातो आणि उटण्याची पुडी शास्त्रापुरती हाताला चोळून संपवली जाते. अशा अंघोळीनंतर त्वचा एकतर चिकट राहते किंवा आधीपेक्षा जास्त कोरडी पडते आणि दोष मात्र तेलाच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात चुकलेला असतो तो क्रम आणि प्रत्येक टप्प्याला द्यायचा वेळ.

दुसरी चूक म्हणजे हे सगळे नरक चतुर्दशीच्या एका पहाटेपुरते राखून ठेवणे. पाऊस परतल्यावर दुपारी ऑक्टोबर हीटचा घाम आणि पहाटे गारवा असे दिवस सुरू होतात, नडगीची व कोपराची त्वचा ओढू लागते आणि हा क्रम खरा उपयोगी पडतो तो याच काळात. म्हणून आश्विन आणि कार्तिक या दोन्ही महिन्यांत आठवड्यातून एकदा, सुटीच्या सकाळी, सुमारे एक तास मोकळा ठेवावा. त्यातली वीस मिनिटे तेल चोळण्याची, वीस मिनिटे तेल जिरवण्याची आणि पंधरा मिनिटे उटण्याची व अंघोळीची धरावीत. एवढा वेळ नसेल तर अर्धवट अभ्यंग करण्यापेक्षा त्या दिवशी साधी अंघोळ करावी आणि रात्री लेखाच्या शेवटी दिलेला तळपायांचा प्रकार करावा.

१. आधी पाहावे: आज तेल लावायचे की नाही

ताप असेल, पोट जड असेल किंवा नुकतेच जेवण झाले असेल, तर अभ्यंग पुढे ढकलावा. पावसाळ्यानंतर जांघेत, काखेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली नायटा असलेले लोक पुष्कळ असतात. अशा जागी तेल लावून चोळल्यास तो आजूबाजूला पसरण्याची शक्यता वाढते, म्हणून तो बरा होईपर्यंत तेल आणि उटणे दोन्ही त्या भागापासून दूर ठेवावेत. डोक्यात चिकट, पिवळसर कोंडा असेल तर टाळूला तेल लावू नये, कारण तो कोंडा वाढवणारी बुरशी स्निग्धतेवरच पोसली जाते. चेहऱ्यावर मुरुमे असतील तर चेहरा तेलातून वगळावा.

इशारा: एकाच पायाची पोटरी सुजली असेल, दुखत असेल आणि गरम लागत असेल, तर ती कधीही चोळू नये. ते रक्ताची गुठळी झाल्याचे लक्षण असू शकते आणि चोळल्याने गुठळी सुटण्याचा धोका असतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पायांवरच्या फुगलेल्या शिरांवरही दाब देऊ नये. गरोदर स्त्रियांनी अभ्यंग करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

२. उटणे आठवडाभर आधी तयार करावे

बाजारची पुडी घेण्यास हरकत नाही, परंतु घटकांची यादी वाचूनच ती घ्यावी. पुडी उघडताच अत्तराचा भपकारा आला आणि चिमटीत घेतल्यावर पीठ वाळूसारखे खरखरीत लागले, तर ती अंगाला लावण्याच्या लायकीची नाही असे समजावे. गेल्या वर्षीची उरलेली पुडी वापरू नये, कारण डाळीच्या पिठाला वर्षभरात जाळी धरते.

घरी करायचे असल्यास पुढील प्रमाण साधारण अडीचशे ग्रॅमचे आहे आणि ते मोठ्या माणसांच्या आठ अंघोळींना पुरते.

- मसूर डाळीचे पीठ १०० ग्रॅम
- मुलतानी माती ५० ग्रॅम
- वाळलेल्या संत्रासालीची पूड २५ ग्रॅम
- नागरमोथा २५ ग्रॅम
- आंबेहळद २० ग्रॅम
- गवला कचरी २० ग्रॅम
- गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या १० ग्रॅम

कोरड्या त्वचेच्या माणसांनी मुलतानी माती निम्मी करून तेवढे मसुराचे पीठ वाढवावे. मसूर डाळ धुऊन घेतली असेल तर ऑक्टोबरच्या कडक उन्हात दोन दिवस खडखडीत वाळवावी. संत्र्याच्या सालीही तशाच वाळवाव्यात. गुलाबाच्या पाकळ्या आणि गवला कचरी मात्र सावलीत वाळवावी, कारण उन्हात त्यांचा वास उडून जातो.

नागरमोथ्याच्या गाठी थेट मिक्सरमध्ये टाकू नयेत. त्या इतक्या टणक असतात की पात्याची धार जाते आणि तरीही तुकडे तसेच उरतात. आधी खलबत्त्यात ठेचून त्यांचे बारीक तुकडे करावेत आणि मगच दळावे. वाळा दळण्याच्या फंदात तर पडूच नये, कारण त्याच्या मुळ्यांचे धागे कितीही फिरवले तरी केसासारखे राहतात आणि त्वचेला टोचतात. वाळ्याची लहान जुडी रात्री अंघोळीच्या पाण्यात घालून ठेवली की त्याचे काम तेथेच होते.

सगळे घटक वेगवेगळे दळून एकत्र करावेत आणि आधी मैद्याच्या चाळणीने, नंतर मलमलीच्या कापडातून गाळावेत. ही दुसरी गाळणी बहुतेक जण टाळतात आणि अंगावर लाल चरे उठण्याचे कारण तेच असते. वस्त्रगाळ केलेले उटणे कोरड्या बरणीत घट्ट झाकून ठेवावे.

इशारा: काही तयार उटण्यांत बावची, म्हणजे एका औषधी वनस्पतीचे बी, असते. बावचीतील घटक त्वचेला उन्हाबाबत अतिसंवेदनशील करतात, त्यामुळे असे उटणे लावून सकाळी उन्हात फिरल्यास त्वचा भाजल्यासारखी काळवंडू शकते. दिवाळीच्या दिवसांत ते टाळलेलेच बरे. तसेच आंबेहळदीच्या जागी स्वयंपाकाची हळद घालू नये. तिचा पिवळेपणा अंगावर राहतो आणि पंचा तर कायमचा रंगतो.

पडताळणी: अंघोळीच्या आदल्या दिवशी उटण्याचा ओला ठिपका आणि तेलाचा थेंब कोपराच्या आतल्या बाजूला वेगवेगळ्या जागी लावून पाहावा. चोवीस तासांत खाज, पुरळ किंवा लाली दिसली तर ते वापरू नये.

३. तेलाची निवड आणि ते कोमट करण्याची रीत

पहाटेच्या गारव्यात आणि कोरड्या त्वचेला घाण्याचे तिळाचे तेल उत्तम. ज्यांना उष्णतेचा त्रास होतो, अंगाची आग होते, त्यांनी ऑक्टोबरच्या उकाड्यात खोबरेल तेल घ्यावे आणि थंडी पडू लागल्यावर तिळाच्या तेलाकडे वळावे. एका मोठ्या माणसाच्या अंगाला तीन ते चार मोठे चमचे, म्हणजे ४५ ते ६० मिलीलीटर तेल पुरते. केस लांब असतील तर एक चमचा वाढवावा. जास्त तेल घेतल्याने जास्त जिरत नाही, ते फक्त फरशीवर उतरते.

दुकानात फसगत होते ती बाटलीवरच्या तिळाच्या चित्राने. पूजेचे किंवा दिव्याचे तेल म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांतील तेल बहुधा मिश्रण असते आणि ते खाण्यासाठी नाही असे बारीक अक्षरांत छापलेले असते. ते समईसाठीच ठेवावे. परदेशी राहणाऱ्यांनी चिनी किंवा कोरियन दुकानांतले गडद तपकिरी तेल उचलू नये. ते भाजलेल्या तिळांचे असते आणि त्याचा उग्र वास दोन दिवस अंगावरून जात नाही. फिकट पिवळे, न भाजलेल्या तिळांचे तेल मागून घ्यावे.

तेल गॅसवर थेट तापवू नये. पातेलीत कढत पाणी घेऊन त्यात तेलाची स्टीलची वाटी पाच मिनिटे ठेवावी आणि बोटाने हलवून एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. ऊब जाणवली पाहिजे, चटका नव्हे. वाटीत पाण्याचा शिंतोडा जाऊ देऊ नये. पातेली जवळच ठेवली की चोळता चोळता तेल गार होत नाही.

४. न्हाणीघराची तयारी

तेलाच्या अंगाने कपाट उघडत फिरण्याची वेळ येऊ नये म्हणून उटण्याचा वाडगा, शिकेकाईचे पाणी, तांब्या, पंचा आणि घालायचे कपडे आधीच हाताशी ठेवावेत. बसायला पाट किंवा प्लास्टिकचे स्टूल घ्यावे आणि त्याखाली जुने ओले गोणपाट किंवा रबरी चटई अंथरावी. फरशीच्या जाळीवर जुन्या सुती कापडाचा तुकडा ठेवावा. तेल आणि डाळीचे पीठ एकत्र होऊन जो लगदा तयार होतो, तो जाळीखाली गेला की पाइप तुंबतो, आणि दिवाळीच्या दिवशी प्लंबर मिळत नाही.

बादलीत आधी गार पाणी घ्यावे आणि मग गरम घालावे. घरात लहान मुले असतील तर हा क्रम सोडूच नये.

इशारा: न्हाणीघरात गॅस गीझर असेल तर पाणी काढून झाल्यावर तो बंद करावा, खिडकी उघडावी आणि मगच अंघोळीला बसावे. हे स्नान नेहमीपेक्षा जास्त वेळ चालते. बंद जागेत जळणाऱ्या गीझरमुळे साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग किंवा वास नसतो आणि भोवळ येईपर्यंत माणसाला काही कळत नाही. थंडी वाजते म्हणून खिडकीला कागद लावणे ही जिवावर बेतणारी चूक आहे.

५. तेल चोळण्याचा क्रम

अंग कोरडे असताना तेल लावावे. ओल्या अंगाला लावलेले तेल वरच्यावर घसरते.

सुरुवात टाळूपासून करावी. दोन चमचे तेल टाळूवर ओतून बोटांच्या पेरांनी केसांच्या मुळांशी मुरवावे, नखे लावू नयेत. त्यानंतर कानांच्या पाळ्या आणि कानामागचा खळगा चोळावा. कानात तेल घालू नये. आजीच्या हातची ती सवय कितीही प्रेमाची असली तरी पडद्याला छिद्र असल्यास तिने कान फुटतो. मग मान, खांदे, हात, छाती, पोट, पाठ, कंबर, पाय आणि सर्वांत शेवटी तळपाय असे खाली उतरत यावे.

हाताची दिशा दोनच नियमांनी लक्षात राहते. लांब हाडांवर, म्हणजे दंड, हात, मांडी आणि नडगी यांवर, तळहात लांब व सरळ फिरवावा. सांध्यांवर, म्हणजे खांदा, कोपर, मनगट, गुडघा आणि घोटा यांवर, तो गोल फिरवावा. पोटावर हात अगदी हलका ठेवून उजवीकडून खालून वर, मग आडवा आणि डावीकडून खाली असा वर्तुळाकार न्यावा. कोपर, गुडघे आणि टाचा या तीन जागांना बहुतेक जण एकदा हात फिरवून सोडून देतात, आणि ऋतू बदलताना सर्वांत आधी भेगाळतात त्या याच जागा. तेथे प्रत्येकी एक मिनिट द्यावे. तेल संपून हात अडखळू लागला की पुढचा थेंब घ्यावा.

पाठीला हात पोचत नसेल तर पंचाचा मध्यभाग तेलात भिजवून त्याची दोन टोके धरून पाठीवर तिरका ओढावा, पण घरात दुसरे माणूस असताना हा उद्योग करू नये. पाठीला तेल लावून घेणे हा या सगळ्यातला सर्वांत सुखाचा भाग आहे.

तळपायांना तेल पाटावर बसून लावावे आणि त्यानंतर अंघोळीपर्यंत उभे राहू नये. उठणे भागच असेल तर खरबरीत तळाच्या चपला घालाव्यात. कोकणात आणि गोव्यात नरक चतुर्दशीला डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट, म्हणजे एक लहान कडू रानफळ, फोडण्याची चाल आहे. ते तळपायांना तेल लावण्यापूर्वी उरकावे, कारण तेलकट पाय आणि कारिटाचा बुळबुळीत गर यांची गाठ पडली की माणूस आडवा होतो.

६. जिरवण्याची वीस मिनिटे

हा टप्पा गाळला की पुढचे सगळे वाया जाते. पंखा आणि एसी बंद ठेवून, जुना सुती कपडा गुंडाळून बसावे. ज्या घरांत तेल लावल्यावर पाटावर बसवून ओवाळतात, तेथे ते याच वेळात करावे. मात्र तेलाने निथळणारे मोकळे केस आधी वर बांधावेत आणि निरांजन चेहऱ्यापासून हातभर लांब ठेवावे. पहिला फटाका आपणच लावायचा म्हणून मुले तेलाच्या अंगानेच अंगणात पळतात, त्यांना मात्र अंघोळ होईपर्यंत दाराबाहेर जाऊ देऊ नये.

पडताळणी: वीस मिनिटांनी हाताच्या पाठीवर बोट टेकवून पाहावे. बोटाला तेलाचा पातळ थर लागला तर ठीक आहे. थेंब ओघळत असेल तर तेल जास्त झाले आहे, ते पंचाने हलके टिपावे. कोरडे लागत असेल तर त्वचेने सारे तेल शोषले आहे, तेथे आणखी एक बोट फिरवावे.

७. उटणे लावणे: पाण्याचा थेंबही आधी नको

सर्वाधिक चुका येथे होतात. उटणे तेलकट पण कोरड्या अंगावर लावायचे असते. डाळीचे पीठ वरचे तेल शोषून घेते आणि मळासकट सुटून येते. आधी पाणी ओतल्यास पीठ पाणी पिते, तेल जागच्या जागी राहते आणि मग साबणाला पर्याय उरत नाही.

प्रत्येक माणसामागे तीन ते चार मोठे चमचे उटणे घेऊन ते कच्च्या दुधात कालवावे. तेलकट त्वचेसाठी दुधाऐवजी गुलाबपाणी किंवा साधे पाणी घ्यावे. मिश्रण भज्यांच्या पिठाइतके सैल असावे. घट्ट झाले तर ते अंगावरची लव ओढते, पातळ झाले तर ओघळून जाते. भिजवलेले उटणे दहा मिनिटे मुरू द्यावे म्हणजे मुलतानी माती फुलते.

हात, पाय, छाती, पाठ या क्रमाने पातळ थर द्यावा. पाच मिनिटांनी तो कडेने सुकू लागतो पण मध्ये ओलसर असतो, तेव्हाच चोळायला घ्यावे. कडक वाळून तडे जाईपर्यंत थांबू नये. तळहाताने लवेच्या दिशेने दाबत नेले की करड्या रंगाच्या वळ्या सुटून खाली पडतात. वळ्या सुटणे ही तेल बरोबर जिरले आणि उटणे बरोबर भिजले याची खूण आहे. खाली वर्तमानपत्र असेल तर त्या गोळा करून कचऱ्यात टाकता येतात. चेहऱ्यावर उटणे फक्त लावावे आणि ओले करून पुसून घ्यावे, तेथे रगडू नये. टाळूला उटणे लावूच नये, कारण केसांत अडकलेले पीठ तीन पाण्यांनीही निघत नाही.

इशारा: तान्ह्या बाळाला उटणे लावू नये. लव जावी म्हणून बाळाचे अंग पिठाने रगडण्याची पद्धत नाजूक त्वचेला इजा करते आणि पिठाचा भुगा नाकातोंडात जातो. बाळासाठी कोमट तेलाचा हलका हात आणि कोमट पाणी पुरेसे आहे.

८. आधी केस, मग अंग

वळ्या सुटल्यावर प्रथम पुढे वाकून केस धुवावेत. अंग आधी धुतले तर केसांतले तेल नंतर सगळ्या अंगावरून उतरते आणि पुन्हा पहिले पाढे. शिकेकाई, रिठा आणि आवळकाठी रात्रभर भिजवून सकाळी उकळावी आणि गाळलेले पाणी कोमट करून वापरावे. रिठ्याने डोळे चरचरतात, म्हणून ते मिटूनच ठेवावेत. शाम्पूच वापरायचा असेल तर तो तांब्यातल्या पाण्यात विरघळवून घ्यावा, म्हणजे तेलकट केसांवर सारखा पसरतो.

मग अंगावर पाणी घ्यावे. ते हाताला सुखद गरम लागावे, वाफाळते नको. कढत पाणी त्वचेची स्निग्धता धुऊन नेते आणि तासभराची मेहनत पाण्यात जाते. डोक्यावर नेहमी कोमटच पाणी घ्यावे. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांचे पाणी दुसऱ्याने हात घालून पाहावे. रक्तदाबाच्या औषधांवर असलेल्या वडीलधाऱ्यांनी बसूनच अंघोळ करावी आणि हळू उठावे.

मोती साबणाशिवाय दिवाळी वाटत नाही, हे मान्य. परंतु तो काख, जांघा आणि पावले एवढ्यापुरताच वापरावा. उरलेल्या अंगावर साबण फिरवला तर उटण्याचा खटाटोप कशासाठी केला, हा प्रश्न उरतो.

पडताळणी: पाणी घेतल्यावर त्वचेवर त्याचे बारीक मणी उभे राहिले आणि तरी हात चिकटला नाही, तर स्नान बरोबर झाले आहे.

९. पुसणे आणि आवरणे

जुन्या, मऊ पंचाने अंग टिपावे, घासू नये. केस कोरडे होईपर्यंत पंख्याखाली बसू नये. न्हाणीघराच्या फरशीवर लगेच कोरडे बेसन किंवा उरलेले उटणे भुरभुरावे, ते तेल शोषून घेते. ते झाडून काढल्यावर भांड्यांच्या साबणाचे गरम पाणी ओतून खराट्याने घासावे. जाळीवरचा कापडाचा तुकडा लगद्यासकट टाकून द्यावा. तेलाचे पंचे इतर कपड्यांत न मिसळता गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवावेत.

चार माणसे आणि एकच न्हाणीघर

दिवाळीच्या पहाटे सर्वांनी एकदम तेल लावून रांगेत बसू नये. पहिल्याने साडेचारला तेल घ्यावे आणि पुढच्या प्रत्येकाने वीस वीस मिनिटांच्या अंतराने सुरुवात करावी. चौथा साडेपाचला बसतो आणि ६.२५ला न्हाऊन बाहेर पडतो. मुंबईत त्या दिवसांत सूर्य साडेसहानंतर उगवतो, तेव्हा एवढे पुरते. नागपुरात तो सव्वासहाच्या आसपास उगवत असल्याने विदर्भातल्या घरांनी अर्धा तास आधी उठावे. उटणे मात्र एकदम कालवू नये, प्रत्येकाचे त्याच्या पाळीला भिजवावे. क्रमात आधी वडीलधारी माणसे घ्यावीत, त्यांना जिरवण्याला आणि आवरण्याला जास्त वेळ लागतो.

वेळ नसलेल्या दिवसांसाठी: काशाची वाटी

उकाड्याने झोप लागत नसेल किंवा तळपायांची आग होत असेल, तर रात्री पाय धुऊन कोरडे करावेत आणि तळव्याला अर्धा चमचा साजूक तूप लावून काशाच्या वाटीचा गोल बूड टाचेपासून बोटांकडे फिरवावा. प्रत्येक पायाला सात-आठ मिनिटे पुरतात. दाब मध्यम असावा, वाटी अडकू लागली की तूप घ्यावे. बाजारात काशाच्या नावाखाली पितळेची वाटीही खपवली जाते. बोटाने टिचकी मारल्यावर काशाचा नाद बराच वेळ घुमतो, पितळेचा लवकर विरतो.

तळवा काळपट झाला की उष्णता बाहेर पडली असे सांगितले जाते. कासे हा तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू आहे, आणि तूप व घाम यांच्याशी तो घासला गेल्याने ही काळपट राप येते. ती आली नाही तर उपयोग झाला नाही असे समजून अर्धा तास घासत बसू नये, त्याने तळव्याची कातडी हुळहुळी होते. टाचेला खोल भेगा असतील किंवा मधुमेहामुळे पाय बधिर असतील, तर वाटी बाजूला ठेवून नुसत्या हाताने तूप लावावे. शेवटी पाय जुन्या कापडाने पुसून सुती मोजे घालावेत, म्हणजे चादरीला डाग पडत नाहीत आणि रात्री उठल्यावर पाय घसरत नाही.